शेणव्याची थांबमावशी

भेंडीची पाटी डोक्यावर घेऊन मी धंदा सुरू केला आणि आज माझा स्वतःचा टेम्पो आहे. मधल्या काळात ज्याच्याशी मी भांडले नाही असा दलाल शोधावा लागेल. बाजारात मी कोणाला भ्याले नाही. भ्याले ती शेणवा गावच्या एका किडकिडीत बाईला. ती कधी ओरडत नसे. दारात माणूस उभं राहिलं की वर न बघता म्हणायची, “थांब.” म्हणून सगळे तिला थांबमावशी म्हणायचे.

मावशी केसांचं तेल द्यायची. मुख्यतः खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत स्वतः पिकवलेली खुरासणी घाण्यावर न्यायची आणि तेल निघेपर्यंत तिथून हलायची नाही. थोडं खोबरेल, थोडं करंजाचंही ठेवायची. डोकं कोरडं पडलेली, हात लावला तरी हुळहुळणारी माणसं लांबून तिच्याकडे यायची आणि पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने परत जायची. कारण पहिल्या दिवशी ती फक्त कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब चोळायची. “उद्या ये. कातडी काय बोलते ते बघू.” सरपंच असो नाहीतर शेजारीण, नियम एकच.

माझी मनू तेव्हा नऊ वर्षांची होती. फणी लावली की खवल्यांबरोबर रक्ताचे ठिपके यायचे. डॉक्टरांचं मलम चालू असेपर्यंत बरं, बंद केलं की पुन्हा तेच. शाळेत मुली शेजारी बसेनाशा झाल्या. पोरीचे केस असेच गळत जातील या धास्तीने मी रोज सकाळी तिची उशी तपासायचे.

मावशीने तिचं डोकं मांडीवर घेतलं, बोटं मागे धरून नुसत्या हाताच्या पाठीने चाचपलं. मग उजव्या कोपराला खुरासणी लावली, डाव्याला करंज. दुसऱ्या दिवशी उजवा हात स्वच्छ, डाव्यावर लाल पुरळ.

“करंज हिला नाय चालायचं. नुसती खुरासणी लाव. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायची, चुलीवर नाय. बोटांच्या पेरांनी लावायचं, नखं नाय लागली पाहिजेत. अर्ध्या तासानं धुवून टाक.”

“किती दिवस?”

“ते डोकं सांगंल.”

माझा पारा चढला. असल्या मोघम बोलीवर मी कधी भेंडीची पाटीसुद्धा घेतली नव्हती. तरी धंद्याची खोड जात नाही. मी म्हटलं, “मावशी, तुझ्या सगळ्या बाटल्या मला दे, कल्याणच्या मार्केटात हातोहात जातील.”

“डोकं बघितल्याबिगर तेल देत नाय मी. कल्याणची डोकी टेम्पोत भरून आणशील काय गो?” ओट्यावरच्या बायका खो खो हसल्या. तो अपमान मी घरी घेऊन आले.

दोन आठवड्यांत मनूचं डोकं निम्मं निवळलं. मला निम्मं नको होतं. समोरचा जो माल द्यायला नाखूश असतो तोच अस्सल, हे मी बाजारात शिकले होते. मावशी करंज राखून ठेवते आहे, असं माझ्या मनाने घेतलं. मुरबाडच्या बाजारातून करंजाच्या तेलाची बाटली आणली आणि एका दुपारी मनूच्या डोक्यावर चांगलं चोपडलं.

“आई, जळतंय!” एवढंच ती म्हणाली आणि किंचाळायला लागली. बघता बघता कपाळ सुजलं, पापण्या मिटल्या. टेम्पो कसा काढला ते मला आठवत नाही. शहापूरच्या दवाखान्याच्या वाटेवर शेणवा लागतं. मावशीच्या दारात मी ब्रेक दाबला.

त्या दिवशी ती ‘थांब’ म्हणाली नाही. वासावरूनच तिने करंज ओळखलं, कळशीभर पाणी मनूच्या डोक्यावर हळूहळू ओतलं आणि ओला पदर तिच्या डोळ्यांवर धरून टेम्पोत चढली. मी रडत म्हटलं, “मावशी, काहीतरी लाव ना!”

“आता तेल नाय. दवाखाना. चालव तू.”

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “काय लावलंत हिला?” माझी जीभ उचलेना. मनू सुजलेल्या डोळ्यांनी माझा आवाज शोधत होती. मावशी पुढे झाली. “तेल माझं, डॉक्टर. मीच चुकीची बाटली दिली.”

रांगेत आमच्याच भागातली माणसं होती. त्यांच्या देखत डॉक्टर तिला वाटेल ते बोलले. ती मान खाली घालून उभी राहिली. आणि मी, बाजार डोक्यावर घेणारी, गप्प राहिले.

बाहेर आल्यावर मी तिच्यावरच उखडले. “खोटं का बोललीस?”

“हिला रोज तेल कोण लावणार? तूच ना? उद्या तुझा हात बघून पोर दचकली, तर डोकं कोणापुढं करंल?”

“मला एका शब्दानं विचारायचंस तरी!”

“तुला इचारलं असतं तर तू घासाघीस केली असतीस.”

हाच माझा तिच्यावरचा राग आहे, अजून आहे. एवढा मोठा सौदा तिने माझ्या वतीने परस्पर करून टाकला. मनूचं डोकं काही महिन्यांत बरं झालं, मावशीच्याच खुरासणीने. मावशीच्या ओट्यावरची गर्दी मात्र गेली. मी एकदा बाजारात उभी राहून खरं सांगितलं असतं तर ती गर्दी परत आली असती. पण खरं मनूच्या कानावर गेलं तर, या भीतीने मी तोंड उघडलं नाही. मावशीजवळ विषय काढला की ती मला खुरासणी पाखडायला बसवायची.

यंदा थंडीत मावशी गेली. दहाव्याला निघताना मनू म्हणाली, “माझं डोकं जाळणाऱ्या बाईकडे मी कशाला येऊ?” ती आता कॉलेजात जाते. मी उंबऱ्यातच बसले आणि सगळं सांगितलं. करंज मी आणलं होतं, मावशी नको म्हणाली होती. मनू चप्पल घालून टेम्पोत जाऊन बसली.

रविवारी नेहमीसारखी कोमट वाटी घेऊन मी तिच्या मागे बसले. केसांना हात लावणार तोच तिने विचारलं, “कुठलं तेल आहे?”

इतक्या वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं.

“खुरासणीचं,” मी म्हटलं आणि वाटी तिच्यापुढे धरली. तिने वास घेतला, बोट बुडवून स्वतःच्या कोपराला लावलं आणि म्हणाली, “उद्या लाव.”