हाताची चुरचुर

वर्तकनगरातल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. दुपारी भुरटे चोर येतात म्हणून जिन्याच्या जाळीला कुलूप असतं. क्लासमध्ये शिकवून आले की मी खालून हाक मारायची आणि तिसऱ्या मजल्यावरून बाबांनी जुन्या मोज्यात घालून किल्ली फेकायची, हा आमचा रिवाज. अख्खी कॉलनी अशाच किल्ल्या फेकते. फक्त मोजा नुसता सोडून चालत नाही. तळमजल्यावाल्यांनी पुढे पत्रा काढलाय, त्याच्या पलीकडे जाईल इतका जोर लावावा लागतो.

आई गेली आणि बाबांना कंपवाताने धरलं. जिना उतरणं बंद झालं. माझा दादा टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहतो. तिथे लिफ्ट आहे, म्हणून तो बाबांना घेऊन जायचं म्हणत होता. बाबांनी त्याला तोंडावर सांगितलेलं, "किल्ली फेकता येतेय तोवर मी इथून हलणार नाही." मलाही ते जायला नकोच होते. या रिकाम्या घरात एकटी राहून मी काय करणार होते?

त्यामुळे किल्ली मी मुद्दाम विसरायचे. मोजा तळहातावर सणकून बसायचा, हात चुरचुरायचा, आणि मला बरं वाटायचं. म्हातारा अजून खमका आहे, असं मी दादाला फोनवर ऐकवायचे.

मग एकदा क्लासमध्ये प्रोजेक्टाइल, म्हणजे फेकलेल्या वस्तूचं गणित, आलं. पोरं साइन-कॉसच्या जंजाळात अडकतात, म्हणून मी त्यांना ऊर्जेवरून शिकवते. वर फेका, आडवं फेका, कसंही फेका. जमिनीशी पोचताना वस्तूकडे दोघांचीच ऊर्जा असते, उंचीने दिलेली आणि हाताने दिलेली. बेरीज करा, वेग काढा, कोन गेला खड्ड्यात. उदाहरणाला मी तिसरा मजला घेतला. मग हाताचा वेग निम्मा करून पुन्हा गणित केलं. खालचा वेग जेमतेम हलला.

"मॅडम, म्हणजे झेलणाऱ्याला कळणारच नाही?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"नाही कळणार," मी म्हटलं. "किती लांब पडतं ते बघावं लागेल."

बोलले आणि मला आमचा मोजा आठवला. पूर्वी मी पत्र्यापासून चांगली लांब, बदामाच्या झाडाखाली उभी राहून झेलायचे. हल्ली पत्र्याच्या कडेशी उभी असते. कधी सरकत आले, देव जाणे. जन्मभर हेच शिकवतेस बाई, आणि भुललीस कशाला, तर हाताच्या चुरचुरीला? ती जवळजवळ सगळी तिसऱ्या मजल्याची होती. बाबांची त्यात फारशी उरलीच नव्हती.

दादाला मी काही बोलले नाही. पुढच्याच आठवड्यात मोजा पत्र्यावर आदळला आणि तिथेच पडून राहिला. आवाजाने तळमजल्यावाल्या काकू बाहेर आल्या. मी वर बघून म्हटलं, "बाबा, माझा झेल चुकला."

ते कठड्याला धरून उभे होते.

"उगाच माझी समजूत घालू नकोस गं," ते म्हणाले. "तू रोज थोडी पुढे येऊन उभी राहतेस, ते वरून दिसतं मला. कधीचा बघतोय. दादाला फोन कर. म्हणावं, रविवारी ये न्यायला."