दुखतंय एवढंच म्हणायचं राहिलं

त्या तिनीसांजंला आमच्या सोप्यात कोण कोण हुतं ते आदी सांगती. मी हुते. माझं मालक हुतं, भितीला टेकून. आमचा एकुलता ल्योक हुता, सून हुती, आन् शेजारची जैनाची काकू हुती. ती विरजण मागाय आल्ती ती बसलीच. एवढी पाच माणसं. त्या दिशी काय बोलणं झालं ते पाचीजणांस्नी अजून पाठ हाय.

ल्योक ट्रॅक्टर चालवायचा, कारखान्याला ऊस न्यायचा. पण गावात त्येची वळख आवाजानं. कुस्तीचं मैदान भरलं की माईक त्येच्याच हातात. माईक बंद पडला तरी नदीपातूर ऐकू जायचं, आज कोण कुणाला भिडणार ते. त्याच गळ्यात गाठ निघाली. सांगलीच्या डाक्टरानं सरळ सांगितलं, आवाजाची पेटी काढाय लागंल. जीव ऱ्हाईल, आवाज जाईल. गळ्याला भोक पाडायचं, भोकात नळी, तिच्यातनं श्वास.

ल्योक घरी आला, हातपाय धुतलं आन् म्हणला, "आई, लय भूक लागलीया."

सून माझी इस्लामपुरात कंप्युटर शिकल्याली. साताऱ्याच्या एका लहान कंपनीसाठी घरी बसून फोनातली ॲपं बनवायची. फोन बी त्यांचाच, म्हाताऱ्यांसाठी काढल्याला, जाडजूड, पडद्यावर मोठी चित्रं. आत फोन चालवाय काय तरी लिनक्स म्हणून असतंय. म्या एकदा इचारलं, "कुणाचं असतंय गं ते?"

"कुणाचंच न्हाई आत्ती. गावच्या गायरानासारखं. ज्येला येतं त्येनं आपलं जनावर चारावं."

"मग राखण कोण करतं?" मालकानं इचारलं.

"सगळीच करत्यात मामा."

"म्हंजी कुणीच न्हाई," मालक म्हणलं, आन् ल्योक लय हसला हुता.

तर तिनं ठरवलं, नवऱ्याचा आवाज जायच्या आदी फोनात भरून ठेवायचा. पडद्यावर चौकटी. कपाच्या चित्राला बोट लावलं की त्येच्याच आवाजात "च्या दे". तिनं लय खपून ते बनवलं. पयल्यांदा ॲप उघडलं की फोन बंदच पडायचा. मग तिला कळलं, फोन गरीब हाय, पोटात जागा थोडी. मोजकंच बोल मावत्यात. म्हणून तर आमी सगळी बसलो हुतो, काय काय भरायचं ते ठरवाय. दाराला घोंगडं लावलं, आवाज घुमू ने म्हणून.

ल्योक फोन तोंडाजवळ धरून बोलाय लागला. "च्या दे." "दूध दे." "टीव्ही दाखव." "आई, जेवलीस का?" मग बायकोसाठी म्हणला, "अगं ए."

काकू म्हणली, "आयुष्यभर अगं ए, अगं ए. आता आवाज चाललाय तर तिचं नाव तरी घे की रं!"

त्येनं घेतलं. माझ्यासमोर, बापासमोर, पयल्यांदा. सून लाजून फोनाकडंच बघत बसली. ल्योक हसाय लागला. "हसू येतंय मला," म्हणला, आन् ते बी फोनात गेलं. तिनं ते पुसलं न्हाई. मग त्येनं मैदानातली आरोळी दिली, "पैलवान, सलामी द्या!" भांडी वाजली रांजणावरची.

मग म्हणला, "मी जातो."

मालक भित सोडून ताठ बसलं. "जातो न्हाई. येतो म्हण."

त्येनं "येतो" म्हटलं. तेवढं झालं आन् सून म्हणली, "आता म्हणा, दुखतंय. मग, श्वास अडकतोय."

दिवा लावायची येळ. मालक म्हणलं, "ए पोरी, थांब. तिनीसांजचं घरात बसून असलं बोलायचं? वास्तू तथास्तू म्हणती."

"मामा, लागंल की ते. डाक्टरबी म्हणलं हुतं."

"लागायचं न्हाई."

"आमच्यातबी म्हणत न्हाईत बाई," काकू म्हणली.

सून ल्योकाकडं बघाय लागली. त्येनं तिला डोळ्यानं गप केलं. म्हणला, "ऱ्हाऊ दे गं. उद्या सकाळी रानात जाऊन म्हणतो. म्हाताऱ्याला कशाला तरास."

दुसऱ्या दिशी सकाळीच सांगलीच्या दवाखान्यातनं फोन आला, खाट रिकामी झालीया, आजच या. गडबडीत निघालो. रानात जायचं ऱ्हाऊन गेलं. रस्त्यातबी कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. गाडीत तर सगळी चांगलंचुंगलंच बोलत हुती.

आपरेशन करून घरी आणल्यावर काय दिवस बरं गेलं. गळ्यातल्या नळीत आणिक एक नळी असती, ती काढून धुवायची, परत घालायची, ते सांगलीच्या नर्सनं मला आन् सुनंला शिकवल्यालं. ल्योक फोनावर बोलायचा. "आई, जेवलीस का?" घरात पोरगं बोलतंय असं वाटायचं. मला वाचाय येत न्हाई, मालकाला दिसत न्हाई, म्हणून लिवून दावायचा काय उपेग नव्हता. फोन हीच त्येची जीभ. सुनंनं आपल्या आवाजात "दुखतंय" भरून दावलं, तर त्येनं फोन उशाखाली सारला. बायकोच्या तोंडानं इवळायचं त्येला पटंना. तीबी मग थांबली. म्हणली, बघू, येईल मनात.

मग कंपनीनं तिला साताऱ्याला बोलावलं. फोनातलं ते लिनक्स नवं येणार हुतं. जुनी ॲपं त्येच्यावर चालायची न्हाईत, सगळ्यांनी यायचं आन् शिकायचं. तिला जायाचं नव्हतं. पण न्हाई गेली तर नव्यावर नवऱ्याचा आवाज निघायचा न्हाई. सकाळच्या एसटीनं गेली.

मी चुलीम्होरं भाकरी थापत हुते. मालक वट्ट्यावर. ल्योक सोप्यात खाटंवर. फोन बोलला, "च्या दे."

"ठेवती रं," म्या म्हटलं.

"टीव्ही दाखव."

"तूच लाव की, रिमोट तुझ्याजवळच तर हाय."

"आई, जेवलीस का?"

"न्हाई अजून. तू जेव आदी."

वट्ट्यावरनं मालक हसून म्हणलं, "आज लय बोलाय लागलंय पोरगं. बरं वाटतंय वाटतं त्येला."

"पैलवान, सलामी द्या!"

मालकानं हात वर करून सलामी दिली. म्याबी हसले. भाकरी तव्यावर टाकली. परत, "आई, जेवलीस का?" लगीच परत, "आई, जेवलीस का?" आवाज तसाच, धडधाकट, मैदानातला. पुरतं म्हणून व्हायच्या आदीच परत, "आई, आई, आई."

मी तशीच उठले. सोप्यात गेले तर खाटंच्या खाली पडल्याला. नखं जांभळी. डोळं म्होरं आल्यालं. अंगठा त्या पडद्यावर, जिथं पडंल तिथं आपटत हुता. नळीत कफ वाळून बसला हुता, डिंकासारखा. पीठ लागल्याल्या हातानं म्या आतली नळी वडून काढली. शिट्टी वाजल्यासारखा श्वास आत गेला. फोन खाली पडून म्हणला, "हसू येतंय मला."

मालक दारात येऊन उभं. "काय झालं? काय म्हणतोय?"

चांगलंच बोलत हुता की त्यो सगळं. वाईट शब्दच न्हाई त्येच्याजवळ.

सांजच्याला सून आली. तिला सांगितलं. ती रडली न्हाई. पिशवी बी खाली ठेवली न्हाई. कंप्युटर उघडला, पयला एक लाल चौकट केली. बोट लावलं की भोंगा वाजतो, पार वढ्यापातूर. भोंगा वाजला की पळायचं. ते बरं झालं. पण भोंग्यानं निस्तं पळाय येतं. जीव चाललाय का गळा ठणकतोय, ते त्येला काय कळतंय.

मग दुसऱ्या दिशी तिनं त्येचं जुनं बोल काढलं आन् कातराय बसली. "दूध दे" मधला पयला तुकडा घेतला. "दाखव" मधला मधला. "हसू येतंय" मधला शेवटचा. तिन्ही जोडलं. लावलं. मी न्हाणीत हुते, माझ्या हातातला तांब्या पडला. "दु. ख. तंय." माझ्या पोराचा आवाज, त्येनं कदी न म्हटल्याला शब्द. तुटक. जसं दगडावर दगड. आन् शेवटी शेपटाला बारीकसं हसू. त्या दिशी हसत हसतच बोलला हुता न्हवं त्यो. तिनं कातरून बगितलं, घासून बगितलं. हसू जाईना. जास्त कातरलं की शब्दच मोडायचा.

ल्योकानं ऐकलं. फोन घेतला, बोट लावलं. परत लावलं. मग बायकोचा हात धरून बसला. ह्ये त्येला चाललं.

आता गाठ परत आलीया. सांगलीचं डाक्टर म्हणत्यात, गोळ्या द्या, घरी ठेवा. गोळ्या दितो. नवं लिनक्स त्या फोनात घातलं न्हाई, सून घालू दित न्हाई. कंपनीचं लोक म्हणत्यात जुन्याला आमी आता बघणार न्हाई. बिघडला तर दुसरा मिळायचा न्हाई. ती नव्या फोनासाठी परत सगळं लिवतीया, आन् तिची नजर त्येच्या खाटंवर. कोण आदी पुरं हुतंय ते ती बोलत न्हाई. म्याबी इचारत न्हाई.

सकाळधरनं चालू असतंय. दु, ख, तंय. जरा येळानं परत. दर बारीला शेवटी ते हसू. मालक खाटंला टेकून बसत्यात, ज्येनी त्या दिशी म्हणू दिलं न्हाई तेच. दर बारीला म्हणत्यात, "व्हय रं बाळा. कळलं." आता कळतंय सगळ्यांस्नी. कळून करायचं काय, ते कुणाला ठावं न्हाई. सांगलीला न्हाई, साताऱ्याला न्हाई.

भाकरी करायची ऱ्हात न्हाई. मी करती. त्येला घोटून घालती.

ह्ये मी बोलती आन् सून लिवून घेती. ती म्हणती, आत्ती, हसूचं नका सांगू. म्या म्हटलं, लिव. कुणाच्या तरी कामाला येईल.

वाचणाऱ्याला एकच मागणं हाय. तुमच्या घरात कुणाचा आवाज जायाचा असंल, तर च्या आन् दूध मागनं भरा. आदी दुखतंय म्हणून घ्या, श्वास अडकतोय म्हणून घ्या. रानात न्हाई, घरातच बसवा त्येला, तिनीसांज असली तरी चालंल. सबंद म्हणू द्या, एका दमात. वास्तूला काय म्हणायचं ते म्हणू द्या.