गुडघ्याजवळचा ढीग

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा सायन्स सोडून आर्ट्सला जायची शेवटची तारीख दिवाळीच्या सुट्ट्यांनंतरचा पहिला शनिवार होती. ती तारीख मला पाठ होती. त्या वर्षी दुसरं काहीच पाठ होत नव्हतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही चिखल्याला खाणकामगारांच्या वसाहतीत राहायचो. वडील जमिनीखाली कामाला, आई वर टिनाच्या शेडमध्ये मँगनीज निवडायला. मी रोज एस.टी.नं तुमसरला कॉलेजात जायची. वसाहतीतून सायन्सला गेलेली मी पहिलीच मुलगी. हे लोक इतक्या वेळा बोलून दाखवायचे की मला त्याचा राग यायला लागला होता. पहिली असणं म्हणजे अडलं तर विचारायला कोणी नसणं, एवढाच अर्थ मला तोवर कळला होता.

दहावीपर्यंत सगळं मराठीतून झालं होतं. बारावी मी इंग्रजी पुस्तकं घोकून काढली. काय घोकलं ते कळलंच पाहिजे अशी अट तिथे नव्हती. बी.एस्सी.ला ती आली, आणि रसायनशास्त्रात सगळ्यात आधी आली. गणित मी रेटत होते, भौतिकशास्त्रात आकृत्या काढून वेळ मारून नेत होते. रसायनशास्त्राचा तास सुरू झाला की मी मागच्या बाकावर सरकायची. प्रॅक्टिकलच्या दिवशी त्या सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस केसांत बसायचा आणि परतीच्या बसमध्ये शेजारची बाई खिडकीकडे सरकायची. मी आतून उन्मळून गेले होते असं काही नव्हतं. मला भीती वाटायची आणि कंटाळा यायचा. दोन्ही एकदम.

दिवाळीआधीच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला सरांनी प्रत्येकाला कागदाची एकेक पुडी दिली. आत काय आहे ते परीक्षणं करून शोधायचं आणि जर्नलमध्ये क्रमानं लिहायचं. माझ्या पुडीत काळी पूड होती, तिच्यात थोडं पांढरंही मिसळलेलं. मी काळी पूड दोन बोटांत चोळली. बोटं काळी झाली. तळहातावर घेतली तर जड लागली. मला हसू आलं. आमच्याकडे काळं म्हणजे मँगनीज. अंगणातली धूळ, वाळत घातलेले कपडे, वडिलांच्या कानामागची आंघोळीनंतरही न जाणारी रेघ, सगळं त्याचंच. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला काही तरी येत होतं, आणि तेही पुस्तक न उघडता.

मग मी परीक्षणं केलीच नाहीत. पुस्तक उघडलं आणि मँगनीज असेल तर काय काय दिसतं ते क्रमानं उतरवून काढलं. प्लॅटिनमच्या तारेवर बोरॅक्स वितळवून काचेसारखा मणी करून त्यात पूड तापवली, मणी जांभळा झाला, हेही लिहिलं. पांढऱ्याचं काय ते शेजारच्या टेबलावरच्या मुलाचं पाहून लिहिलं. सगळ्यांत आधी जर्नल देऊन हात धुतले.

पुडीतलं काळं तांब्याचं ऑक्साइड होतं. चुकलं एवढ्यावर ते थांबलं असतं तर गोष्ट निराळी. पण प्लॅटिनमची तार महाग, म्हणून लॅबमधला माणूस ती रजिस्टरवर सही घेऊनच द्यायचा. सरांनी रजिस्टर मागवलं, बोट फिरवत वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला सगळ्यांसमोर एकच विचारलं.

“मणी कुठे आहे?”

रजिस्टरवर माझी सही कुठेच नव्हती. सरांनी जर्नलवर शून्य घातलं आणि पुढची वही घेतली. ते नागपूरचे, बोलायला कमीच. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्याच दिवशी मी ऑफिसातून विषय बदलायचा अर्ज आणला. खिडकीवरचे बाबू भले होते. त्यांनी सांगितलं, कारणाच्या रकान्यात प्रकृतीचं कारण लिही, सगळे तेच लिहितात, कोणी विचारत नाही. मी तिथेच उभ्याउभ्या लिहिलं, ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’. प्रकृती माझी ठणठणीत होती. खाली पालकाची सही हवी होती.

वडील वसाहतीतल्या प्रौढांच्या वर्गात सही शिकले होते. अक्षरं त्यांना वेगवेगळी ओळखू यायची, पण ओळ वाचणं जमत नसे. सही मात्र सुरेख. एकेक अक्षर ते सावकाश मांडायचे आणि शेवटची रेघ ओढून झाली की कागद लांब धरून पाहायचे. आमच्या घरी शिकणं हा चर्चेचा विषय नव्हता. छप्पन साली आजोबांनी धर्म बदलला तेव्हापासून भिंतीवर कोट-टायमधला फोटो होता, आणि त्या फोटोखाली बसून शिकायचं नाही म्हणण्याची कोणाची टाप नव्हती. पण मी शिकणं सोडत नव्हते, फक्त विषय बदलत होते. असंच मी वडिलांना सांगितलं. कॉलेजचा कागद आहे म्हटल्यावर त्यांनी हात धुतले, सही कुठे करायची तेवढं विचारलं आणि केली. दिवाळीभर तो अर्ज माझ्या पुस्तकात पडून होता. आईला मी काहीच बोलले नव्हते.

सुट्टी संपत आली तेव्हाची गोष्ट. एके दिवशी आई भाकरी घरीच विसरून गेली, म्हणून मी डबा घेऊन शेडमध्ये गेले. बायका रांगेनं बसलेल्या, प्रत्येकीपुढे खाणीतून आलेला माल, हातात हातोडी. फोडायचं, हातात तोलायचं, टाकायचं. उजवीकडे चांगला माल, डावीकडे टाकाऊ. आई जेवेपर्यंत मी तिच्या जागेवर बसले. लहानपणी बसत असे तशीच. हात भराभर चालायला लागला आणि बऱ्याच दिवसांनी मला जरा हुशार असल्यासारखं वाटलं.

आई जेवता जेवता पाहत होती. तिनं डाव्या हातानं माझ्या उजवीकडच्या ढिगातून एक दगड उचलला.

“हे काहून इकडं टाकलं तू?”

“काळं हाय. जडबी हाय.”

“पक्कं हाय का तुहं?”

मी दगड परत हातात घेतला. पक्कं नव्हतं.

“मंग गुडघ्यापाशी ठेव ना,” आई म्हणाली.

तेव्हा मला ते आठवलं. लहानपणापासून पाहत आले होते आणि कधी त्याचा विचार केला नव्हता. निवडणाऱ्या प्रत्येक बाईच्या गुडघ्याजवळ तिसरा एक लहानसा ढीग असायचा. हातानं तोलून ज्याचा निकाल लागला नाही ते दगड तिथे. काही गारा, म्हणजे पांढऱ्या गारगोट्या, वरून मँगनीजनं काळ्या झालेल्या असतात आणि आतून पांढऱ्या निघतात. असा दगड मालात गेला तर तपासणीवाला नमुना घेतो, प्रयोगशाळेतून चिठ्ठी येते आणि सगळ्या रांगेचा ढीग नापास होऊन परत येतो. म्हणून शंका आली की गुडघ्यापाशी. जेवण झालं, डोळ्यांना आराम मिळाला, की तो ढीग पुढ्यात घ्यायचा, दगड पाण्यानं ओला करायचा, फोडायचा, पाहायचा. सुट्टीचा भोंगा व्हायच्या आत तो संपवायचा, कारण भोंग्यानंतर तिथे जे उरेल ते मुकादम टाकाऊत ढकलतो. त्यात चांगला माल असला तरी.

जेवण झाल्यावर आईनं तो दगड ओला करून फोडला. आत पांढरी गार होती. तिनं तो काही न बोलता डावीकडे टाकला आणि पुढचा घेतला. मी शेजारी बसून राहिले, आणि का कोण जाणे, तिला सगळं सांगून टाकलं. पुडी, काळी पूड, तांबं, शून्य. मणी न करताच जांभळा लिहिला तेही. तार, मणी हे तिला समजावून सांगावं लागलं. तिनं नीट समजून घेतलं. हातोडी थांबली होती.

“चुकली ते चुकली,” ती म्हणाली. “माह्या हातूनबी चुकते. पण पाह्यलं नाही ते पाह्यलं म्हणून काहून लिवलं?”

ती रागावली होती. मला तिचा राग अपेक्षित होता तो नापास होण्याबद्दल. हा निराळाच होता आणि मला त्याची लाज वाटली, सरांसमोर वाटली नव्हती एवढी. शेजारची बाई ऐकत होती. मी उठून घरी आले. आर्ट्सचं तिला तरीही सांगितलं नव्हतं.

शनिवारी मी अर्ज घेऊन कॉलेजात गेले. तो द्यायचा हे ठरलेलंच होतं. आईच्या बोलण्यानं रसायनशास्त्र सोपं झालं नव्हतं. खिडकीसमोर रांग होती. माझ्या पुढे तीन जण असताना मी अर्ज पुन्हा वाचला आणि कारणाच्या रकान्यावर अडले. प्रकृती अस्वास्थ्यामुळे. हाही जांभळा मणीच होता. मी रांगेतून बाहेर आले, पेन काढलं आणि ते दोन शब्द खोडले. म्हटलं, खरं कारण लिहू आणि देऊ.

विषय कठीण जातो, असं लिहायला घेतलं. पण हे मला माहीत होतं का? मी एकही प्रॅक्टिकल धड पार पाडलेलं नव्हतं. कधी पुस्तकातून उतरवलं होतं, कधी शेजाऱ्याचं पाहून. विषय कठीण होता की मी त्याला हातच लावला नव्हता, याचा निकाल माझ्याकडे नव्हता. मी पेनाला टोपण लावलं आणि रकाना कोराच राहिला. खिडकी दोनला बंद होणार होती.

प्रयोगशाळा त्याच व्हरांड्याच्या टोकाला. आत दुसऱ्या तुकडीचं प्रॅक्टिकल चालू होतं. मी दारातूनच सरांना सांगितलं की मणी मी केला नव्हता, आणि तीच पुडी मला परत हवी आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मणी केला नव्हता हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणाले. शून्य बदलणार नाही, हेही म्हणाले. मी हो म्हटलं. कोपऱ्यातलं एक टेबल रिकामं होतं.

रजिस्टरवर सही करून तार घेतली. पहिले दोन मणी तारेवरून गळून पडले. तिसरा टिकला. पुडीतलं कणभर काळं लावून तापवलं. गरम असताना मणी हिरवा दिसला आणि गार होता होता निळा झाला. मग परीक्षानळीत पूड घेऊन आम्ल घातलं, जरा तापवलं, आणि पाणी निळं झालं. इतकं सोपं होतं ते. दिवाळीआधी मी पाच मिनिटं दिली असती तर तांबं स्वतःहून समोर आलं असतं. मला स्वतःचा फार राग आला, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली.

पांढऱ्यापाशी मात्र गाडी अडली. एक परीक्षण एक म्हणत होतं, दुसरं दुसरंच. तेवढ्यात बाहेर खिडकीची फळी खाली पडल्याचा आवाज आला. दोन वाजले होते. मी काही ठरवलं नव्हतं असं नंतर बरीच वर्षं सांगत आले, पण ते खरं नाही. दोनला पाच कमी असताना मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं होतं, अर्ज पिशवीत आहे हे मला माहीत होतं, आणि मी उठले नव्हते.

जर्नलमध्ये काळ्यापुढे तांबं लिहिलं. पांढऱ्यापुढे लिहिलं, ‘खात्री नाही’. इंग्रजीत कसं लिहायचं ते सुचेना म्हणून मराठीतच. सरांनी त्या दोन शब्दांभोवती लाल गोल केला आणि सोमवारी येऊन हे पुन्हा करा म्हणाले. गुण दिले नाहीत.

पुढे त्या वर्षी रसायनशास्त्रात मी जेमतेम पास झाले. नंतर बरे गुण पडले, फार बरे कधीच नाही. ऐंशी साल उलटल्यावर लाखनीला शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि तेच करत राहिले.

त्या शनिवारी घरी पोचले तेव्हा वडील कामावरून येऊन चहा पीत होते. आई चुलीपाशी होती. आर्ट्सला जाणार होते आणि आता जात नाही, हे मी दोघांना एकदमच सांगितलं. आई म्हणाली, बरं. वडिलांनी कागदाचं विचारलं. त्यांची सही वाया गेली म्हणून त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं, म्हणून मी अर्ज काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, सही पाहिली. मग वरच्या रकान्यात मी मारलेल्या काटेवर बोट ठेवून इथं काय होतं विचारलं.

खोटं लिहिलं होतं, मी म्हटलं. तब्येत बरी नसते म्हणून.

त्यांनी कपबशी जपून खाली ठेवली. बोट अजून कागदावरच होतं, काटेवरून सहीपर्यंत आलेलं.

“मंग त्याच्याखाली माही सई कायले घेतली?”