सापडायचा आरसा

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो, कारण ती खरी सांगितली की माझा सत्कार खोटा ठरतो.

जिंतूरच्या डोंगरात मी जमीनमोजणीला होतो. मेंढरं राखणारी एक बाई गळ्यात आरशाचा तुकडा बांधून फिरायची. त्याची तिरीप माझ्या दुर्बिणीत यायची, म्हणून एके सकाळी मी तो काढून घेतला. "डोंगरात नटतेस कुणासाठी?"

"नटाया न्हाई साहेब, सापडाया. आमच्यात आरशाबिगर एकटं डोंगरात जात न्हाईत."

दुपारी मी घळीत पडलो आणि पाय मोडला. पिशवीतला तोच आरसा काढून हलवला, पण उजेड भलतीकडेच जायचा. माझं ओरडणं ऐकून शेवटी तीच आली. आरसा घेऊन तिनं डावा हात लांब केला, समोरच्या टेकडीवर दिसणारा आपला नवरा नेम धरावा तसा दोन बोटांच्या फटीत धरला आणि उजेड त्या बोटांवर पाडला. तीनदा. लगेच टेकडीवरूनही तीन तिरिपा आल्या.

"निघाले बघा. सापडलाव तुमी," ती म्हणाली. लढाई जिंकल्यासारखं हसली.

टेकडीवरून आलेल्या चौघांनी मला बाजेवर घालून खाली आणलं. कचेरीत मात्र मी सांगितलं, आरसा मीच चमकवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवून माझा सत्कार केला.

पाय बरा झाल्यावर माफी मागायला गेलो. "चालायलाव की साहेब," म्हणत ती मेंढरांतून धावत आली. माझ्यासोबत कचेरीतला शिपाई उभा होता. मी एवढंच विचारलं, "मेंढरं बरी आहेत ना?"