झोपेचं औषध

“फरक पडला का, सोमाभाऊ?”

“नाई जी. तकलीफ अजून वाढली.”

मग मी डोस वाढवला.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. नागपूरला शिकून मी कुरखेड्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात नुकताच डॉक्टर म्हणून आलो होतो. सोमा जंगलालगतच्या गावचा, धानाची शेती करणारा. पहिल्यांदा आला तेव्हा एवढंच म्हणाला होता, “झोपेचं औषध द्या जी.” मी ब्रोमाइड मिक्स्चर दिलं. चवीला खारट, मेंदूला सुस्त करून झोप आणणारं. ते अंगात साठत जातं, म्हणून जपून द्यायचं असतं. बाहेर रांग होती आणि मला घाई. पुढे काही विचारलं नाही.

डोस वाढवल्यावर आठ दिवसांनी त्याची बायको त्याला धरूनच घेऊन आली. पापण्या जड, जीभ अडखळत होती. तरी म्हणे तकलीफ वाढली. मला मोठं नवल वाटलं. डोळ्यांत झोप मावत नाही, आणि हा निद्रानाशाचा पेशंट! दुर्मीळ केस हाती लागली म्हणून, खरं सांगतो, मी मनात खूशही झालो. तेवढ्यात तो बाकावर घोरायला लागला.

“बाई, याला रात्री झोप येत नाही ना?”

“येते म्हणून तं औषध मांगते जी. रातभर धानाची जागल रायते. मचाणावर डोळा लागला का डुकरं वावरात. अर्धं धान खाल्लं त्याईनं. सालभराचं पोट हाये आमचं ते.”

“मग झोपेचं औषध कशाला मागितलं?”

तिनं मलाच उलटं विचारलं. “तापाच्या औषधानं ताप जाते. खोकल्याच्या औषधानं खोकला जाते. झोपेच्या औषधानं झोप काऊन नाई जात?”

व्याकरण तिच्या बाजूचं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी आहे, असं मी तिला सांगितलं. औषध बंद केलं, पण अंगातली गुंगी उतरायला बरेच दिवस लागणार होते.

“आता उरलेलं कोनं राखाचं जी?” तिनं विचारलं.

मचाणावर तीच चढली. डबा बडवत तिनं उरलेलं धान राखलं. ते संपल्यावर घरानं पावसाळ्यापर्यंत वाळल्या मोहफुलांवर दिवस काढले.

त्यानंतर झोपेचं औषध मागणाऱ्याला मी आधी विचारायला लागलो, झोप आणायची की घालवायची? आणि रात्री काम काय करता? बहुतेकांना औषध लागतच नव्हतं. जागलीला आणखी एक माणूस लागत होता, आणि तो दवाखान्यात मिळत नसे.