मांजरेच्या पाण्यातली पाठ

देगलूरच्या चन्नबसप्पांनी कपडे शिवताना जन्मभर दुसऱ्यांच्या पाठीची मापं घेतली. त्यांची स्वतःची पाठ मात्र एका सिनेमात आहे.

ते तरुण असताना नांदेडची काही मुलं दोन पुरुषांच्या प्रेमाचा सिनेमा काढत होती. मांजरा नदीत उतरायला कुणी तयार होईना. "चेहरा दिसणार नाही," मुलं म्हणाली. तेव्हा चन्नबसप्पा आणि त्यांचा मित्र वैजनाथ उतरले. मुलांना वाटलं, काय सहज अभिनय करतात!

गळ्यातलं इष्टलिंग तेवढं काढा, असंही मुलं म्हणाली होती.

"आंघोळीला काढत न्हाई, अन् तुमच्यासाठी काढू?"

इष्टलिंगाचा दोरा गळ्यात राहिला. तो दानम्मानं, त्यांच्या बायकोनं, वळलेला. घरातल्या सगळ्यांचे दोरे ती एकदम वळायची. नवऱ्याचा ओळखू यावा म्हणून त्यात हिरव्या सुताचा एक पदर घालायची. दर वर्षी तो पदर मानेपाशी, एकाच जागी विरायचा. वाकून शिवताना घासतो, म्हणून ती शिलाई मशीनला बोल लावायची.

तेव्हा एकाही थेटरानं तो सिनेमा घेतला नाही. आता म्हणतात, पुढच्यांची वाट त्यानंच उघडली. यंदा नांदेडच्या एका कॉलेजात तो दाखवणार होते. दानम्मा हटून बसली. "मी बी येते. समोरून लई बघितलं तुमाला."

चन्नबसप्पा हसले नाहीत. सिनेमातल्या त्या पाठीवर कुणाचं डोकं आहे, हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं.

अंधारलेल्या हॉलमध्ये पडदाभर मांजरा पसरली. पाणी इतकं संथ, की आभाळच झोपलंय असं वाटावं. ओल्या पाठीवर एक डोकं टेकलं. मग एक हात वर आला आणि मानेजवळचा हिरवा पदर बोटाला गुंडाळत राहिला, सोडत राहिला, पुन्हा गुंडाळत राहिला. सवयीचा हात. दानम्माचा हात आपसूक नवऱ्याच्या मानेकडे गेला, विरलेल्या जागेवर थांबला, आणि मागे आला.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. गोदावरीच्या पुलावर ऊन पाण्यात विरघळत होतं.

"वैजनाथभावजी कुठं असतात आता?"

"उदगीरला. यंदा लेकाकडं गेला."

"तुमाला बोलावलं न्हाई कधी?"

"बोलावतो. मी जात न्हाई."

पूल संपला. शेतं मागं पळू लागली. देगलूरचा डेपो जवळ आला तरी ती बाहेरच बघत होती. मग खिडकीकडेच तोंड ठेवून म्हणाली,

"तो दोरा विरलाय. नवा वळून देते. मग जा."

उतरता उतरता म्हणाली, "हिरवा पदर घालते त्यात."