दिवेकरसरांच्या बाटल्या

"सर गेले हो..." एवढंच बोलून दिवेकरसरांच्या पत्नी, शैलावहिनी, फोनवर रडत राहिल्या. मला धक्का बसला नाही. सर जाणार हे मला त्यांच्या डॉक्टरांइतकंच ठाऊक होतं. माधव नगरमधल्या शोकसभेत एकेक जण उठून 'महान संशोधक', 'मानवतेची सेवा' असलं काहीबाही बोलत राहिला. मला मनातून संताप येत होता. सरांच्या एकाही संयुगाचं औषध झालं नाही, हे तिथे कुणीतरी म्हणायला हवं होतं. सर असते तर स्वतःच उठून म्हणाले असते.

आम्ही उज्जैनच्या एकाच कॉलेजात शिकवायचो. ते रसायनशास्त्र, मी सूक्ष्मजीवशास्त्र. ते बोरॉन असलेली नवनवी संयुगं बनवायचे आणि मी ती रोगजंतूंवर लावून बघायचे. बोरॉन म्हणजे काय, असं कुणी विचारलं की सर म्हणत, "अहो, कॅरमवर टाकता ना, ती बोरिक पावडर! तिचंच खानदान आहे हे." एरवी सावकाश चालणारा माणूस, पण हातात पिवळसर भुकटीची नवी बाटली असली की दोन दोन पायऱ्या चढत माझ्या खोलीत यायचा. "मॅडम, देखो तर जरा, आजचा माल एकदम बढिया आहे!" मी जंतू पसरलेल्या काचेच्या बशीत त्या भुकटीच्या द्रावणात बुडवलेली कागदी चकती ठेवायचे. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ गोल दिसला, म्हणजे तेवढ्या जागेत जंतू वाढू शकले नाहीत, तर औषधात काही दम आहे असं समजायचं. सरांचे गोल यायचे, पण बारीक. एकदा मात्र असा मोठा आला की सरांनी सगळ्या स्टाफला टावर चौकात नेऊन पोहे-जलेबी खाऊ घातली. पुढच्याच आठवड्यात तीच भुकटी आम्ही रक्ताच्या तांबड्या पेशींवर लावली, तर त्याही फुटल्या. "जंतूही मरणार, पेशंटही," सर म्हणाले. "असं फिनाइल तर बाजारात आधीपासून मिळतंय." हसले, आणि पुन्हा कामाला लागले. निवृत्तीनंतरही कॉलेजच्या लॅबमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांचं काम चालूच होतं. बाटल्यांनी कपाट भरत गेलं, पण कामाचं काहीच हाती लागलं नाही.

मग नवी चप्पल लागल्याचं निमित्त झालं. मधुमेह जुना. डाव्या पायाची जखम चिघळली, सरांना दवाखान्यात ठेवलं, आणि जखमेतले जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नाहीत असा रिपोर्ट आला. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी वहिनींना चहाच्या निमित्ताने बाहेर पाठवलं.

"मॅडम, इथल्या लॅबमधून माझ्या जखमेतले जंतू मागवून घ्या. कपाटातल्या सगळ्या बाटल्या लावून बघा."

"सर, एखादी लागू पडली तरी ती तुम्हाला देता येणार नाही."

"ते मला नका समजावू यार. मला कुठे प्यायचीये? मला फक्त कळायला हवं... इतकी वर्षं आपण काही केलं की नाही."

मी जंतू आणले. एकही बाटली सोडली नाही. देवाधर्माचं मला फारसं नाही, पण त्या सकाळी बशा बाहेर काढण्याआधी मी हात जोडले. सगळ्या बशांमध्ये जंतू काठोकाठ वाढले होते. गोल एकाही चकतीभोवती नव्हता.

खोटं बोलायचं ठरवूनच मी दवाखान्यात शिरले. सरांनी मान वळवून नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि खोटं बोलणं मला जमलं नाही.

"नाही, सर."

"एकीलाही नाही?"

"एकीलाही नाही."

"द्रावण ताजं केलं होतं ना? चकत्यांची अदलाबदल तर नाही झाली?"

दोन वेळा करून पाहिलं, असं मी सांगितलं. ते माझ्या कामात चूक शोधत होते आणि चूक निघावी असं मलाही फार वाटत होतं. "ठीक आहे..." म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. नंतर डॉक्टरांनी पाय कापला, तोवर जंतू रक्तात उतरले होते. त्यानंतर सर माझ्याशी काही बोलले नाहीत.

कॉलेजला कपाट रिकामं हवं होतं. वहिनींनी हो म्हटलं, आणि बाटल्या रासायनिक कचऱ्याच्या गाडीतून गेल्या. जंतू मात्र माझ्या फ्रिजमध्ये आहेत. काम संपलं की ते वाफेवर मारून टाकायचे असतात, हे मीच मुलांना शिकवते. नळीवर माझ्या अक्षरात 'दिवेकर, डावा पाय' असं लिहिलंय. अधूनमधून त्यांना नवं खाद्य दिलं नाही तर ते मरतील. "मॅडम, इसका क्या करना है?" असं मुलांनी विचारलं की नवीन संयुगांसाठी ठेवलेत, असं मी सांगते. नवीन संयुगं आता इथे कुणीच बनवत नाही. परवा मी ते जंतू ताज्या नळीत उतरवले. सकाळपर्यंत छान वाढले होते.